फासा टाकावा की बोलून दाखवावे?

आज ज्या खेळाची हकीकत सांगणार आहे त्यात कुणी जिंकत नाही आणि कुणी हरत नाही. पट असला तर असतो, नसला तरी अडत नाही. चारपाच माणसे एका टेबलाभोवती बसतात, कागद, पेन्सिली आणि काही फासे घेतात आणि तीनचार तास नुसती बोलत राहतात. बाहेरून पाहणाऱ्याला प्रश्न पडावा, की ही मंडळी गप्पा मारीत आहेत, कसला हिशेब करीत आहेत, की नाटकाची तालीम चालली आहे? खरे म्हणजे ह्या तिन्ही गोष्टी तेथे चालू असतात. कोणती किती चालावी, यावरून मात्र गेली पन्नास वर्षे त्या खेळात वाद होत आले आहेत. तो वाद तुम्हीआम्ही, विशेषतः मुलांना शिकविणाऱ्यांनी, कान देऊन ऐकावा असा आहे, म्हणून आज हा विषय घेतला.

इंग्रजीत याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आपण भूमिका-खेळ म्हणू. खेळ अमेरिकेत जन्मला, पण त्याचे मूळ समजायला अमेरिकेत जाण्याची गरज नाही. भातुकली तुम्ही खेळला असाल. तू आई, मी बाबा, हा आपला पाहुणा, असे म्हटले की घर उभे राहते. किंवा मुले लढाई लढतात ती आठवा. एक म्हणतो, "मी तुला बाण मारला, तू मेलास." दुसरा म्हणतो, "हॅट्, लागलाच नाही मला!" झाले, खेळ तेथेच मोडतो आणि खरी लढाई सुरू होते. भूमिका-खेळ म्हणजे ही भातुकली मोठ्या माणसांनी नियम घालून खेळायची. बाण लागला की नाही, हे कुणी आणि कसे ठरवायचे एवढ्यासाठी हे नियम.

एक जण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी प्रधान. प्रत्येकाच्या कागदावर त्या पात्राचे अंक लिहिलेले असतात: अंगात ताकद किती, अक्कल किती, बोलण्यात वजन किती. सूत्रधार प्रसंग सांगतो आणि विचारतो, "आता तुम्ही काय करता?" गडी आपापल्या पात्राच्या वतीने सांगतात. जेथे निकाल उघड आहे तेथे सूत्रधार तो सांगून मोकळा होतो. जेथे शंका आहे तेथे फासा टाकायचा. हा फासा आपल्या ओळखीचा सहा बाजूंचाच असतो असे नाही. वीस बाजूंचा सुद्धा असतो.

आता एक प्रसंग घेऊ, आणि तो नीट पाहू, कारण सगळा वाद त्यात सामावला आहे.

रात्रीची वेळ आहे. वेशीचे दार बंद आहे. पहारेकऱ्याला हुकूम आहे की उजाडेपर्यंत कुणाला आत सोडायचे नाही. गड्यांना तर आत जायचे आहे. त्यांच्यातला जो प्रधान झाला आहे तो बोलका आहे. तो खुर्चीवरून उठतो, आवाज बदलतो आणि पहारेकऱ्यापुढे असे काही भाषण करतो की टेबलाभोवतीची माणसे टाळ्या वाजवतात. सूत्रधार म्हणतो, "छान! आता फासा टाक." पडतात दोन. पहारेकरी ढिम्म. प्रधान चिडतो. "मग मी एवढा बोललो कशाला?" त्याची तक्रार खोटी आहे का? मुळीच नाही.

आता तोच प्रसंग, पण प्रधान झालेला गडी लाजाळू आहे. चारचौघांत त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. तो एवढेच म्हणतो, "माझा प्रधान त्याला पटवून देतो." आणि फासा टाकतो. पडतात अठरा. दार उघडते. आता बोलका गडी म्हणतो, "हे काय? हा तर काही बोललाच नाही!" यावर लाजाळू गड्याचे उत्तर ऐका. तो म्हणतो, "तुझा योद्धा लाथ मारून दार फोडतो तेव्हा तुला कुणी खरे दार फोडून दाखवायला सांगते का? तुझी ताकद जर कागदावरची चालते, तर माझी वाणी कागदावरची का चालू नये?"

मला विचाराल तर या उत्तरावर बिनतोड असे प्रत्युत्तर अजून कुणी दिलेले मी वाचलेले नाही. पण म्हणून बोलका गडी चुकला असेही म्हणता येत नाही. त्याला अभिनयाची हौस आहे आणि ती हौस भागविण्यासाठीच तो आला आहे.

तिसरा गडी या दोघांकडे वैतागून पाहत असतो. त्याला भाषणही नको आणि आंधळा फासाही नको. तो विचारतो, "पहारेकऱ्याला चार नाणी दिली तर फाशाला किती वाढ मिळेल? पाऊस पडत असेल तर तो आडोशाला जाईल का? मागच्या बाजूने भिंत किती उंच आहे?" हा डावपेचाचा माणूस. नियम स्पष्ट हवेत, आधी माहीत हवेत आणि सूत्रधारालाही बंधनकारक हवेत, हे त्याचे म्हणणे. नाहीतर युक्ती लढवायची कशाच्या जोरावर? बुद्धिबळात उंट आज तिरका आणि उद्या सरळ चालू लागला तर खेळणार कसे?

चौथ्याला दार उघडते की नाही याची फिकीरच नाही. तो म्हणतो, "हा पहारेकरी प्रधानाचा घर सोडून गेलेला भाऊ निघाला तर?" आणि सगळ्यांचे कान टवकारतात. याला गोष्ट हवी आहे. मात्र असे म्हणण्याचा त्याला अधिकार आहे का? काही नियमपुस्तके म्हणतात, गोष्टीतले जग ही सूत्रधाराची मालमत्ता, गड्याने फक्त आपल्या पात्रापुरते बोलावे. काही पुस्तके तो अधिकार गड्यांना वाटून देतात.

पाहा, दार एक, पहारेकरी एक, आणि चौघांना चार निरनिराळे नियम हवेत. त्यातला कोणताही एक नियम छापला की एकाची सोय होते आणि दुसऱ्याची गैरसोय.

हा झगडा खेळाच्या जन्माच्याही आधीचा आहे. त्यासाठी थोडे प्रशियात जाऊ. १८२४ साली राइसविट्झ नावाच्या एका तरुण तोफखाना अधिकाऱ्याने लष्करी शिक्षणासाठी एक युद्धखेळ छापून प्रसिद्ध केला. त्याच्या वडिलांनी ही कल्पना आधीच मांडली होती, मुलाने ती पक्की केली. जमिनीवरचे आठ हजार हात म्हणजे नकाशावरचा एक हात, अशा मापाच्या नकाशावर पलटणींचे ठोकळे मांडायचे. दोन्ही बाजूंचे अधिकारी आपले हुकूम पंचाला सांगणार. शत्रूचे जेवढे सैन्य दिसण्यासारखे असेल तेवढेच पंच नकाशावर मांडणार. गोळीबारात माणसे किती पडली ते फासे टाकून, कोष्टके पाहून ठरवायचे. प्रशियाच्या सैन्यात हा खेळ पसरला. पण कोष्टके जाडजूड होती आणि दहा मिनिटांच्या चकमकीचा हिशेब करायला त्याहून अधिक वेळ जाई.

पुढे १८७०-७१ चे फ्रान्सशी झालेले युद्ध पाहिलेले अनुभवी अधिकारी म्हणू लागले, की ही कोष्टके कशाला? १८७६ साली फेर्दी द्यु व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने नियमांचे जोखड जवळजवळ काढूनच टाकले. अनुभवी पंचाने प्रसंग पाहावा आणि आपल्या अकलेने निकाल द्यावा. खेळ झटपट चालू लागला. पण यातली अडचण शाळामास्तरांना मी सांगायला नको. पंच शहाणा असेल तर सोन्याहून पिवळे, आणि नसेल तर? शिवाय पंच हुद्द्याने मोठा, त्याच्याशी वाद घालणार कोण? कोष्टक रुक्ष खरे, पण ते कुणाचे तोंड पाहून निकाल देत नाही. आणि येथे पणाला लागलेली गोष्ट करमणुकीची नव्हती. डाव संपल्यावर हीच माणसे खऱ्या रणांगणावर खऱ्या शिपायांना हुकूम देणार होती. काटेकोर युद्धखेळ आणि मोकळा युद्धखेळ असे दोन पंथ तेव्हापासून पडले.

अमेरिकी लष्करातल्या टॉटन या अधिकाऱ्याने १८८० साली असाच एक ग्रंथ लिहिला. तो मिनेसोटातल्या एका ग्रंथालयात डेव्हिड वेस्ली या तरुणाच्या हाती लागला. गड्याने कोणतीही गोष्ट करून पाहावी आणि पंचाने निकाल द्यावा, ही त्यातली कल्पना त्याला फार आवडली. १९६९ साली त्याने मित्रांसाठी एक डाव मांडला. ब्राउनस्टाइन नावाचे एक काल्पनिक जर्मन गाव, दोन्ही बाजूंनी फौजा चालून येत आहेत. फौजा दोन आणि गडी जास्त, म्हणून उरलेल्यांना त्याने गावातल्या भूमिका दिल्या. कुणी नगराध्यक्ष, कुणी पेढीवाला, कुणी विद्यापीठाचा कुलपती. झाले असे, की फौजा राहिल्या बाजूला आणि ही मंडळी कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन आपापसांत कारस्थाने करू लागली. वेस्लीला वाटले, डाव पार फसला. गडी मात्र म्हणाले, पुन्हा केव्हा मांडतोस?

या मंडळींत डेव्ह आर्नेसन होता. त्याने पुढे ब्लॅकमूर नावाचा आपला डाव चालविला. त्यात किल्ल्याखालची भुयारे होती, राक्षस होते, गुप्तधन होते. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा गावचा गॅरी गायगॅक्स हा युद्धखेळांचे नियम लिहिणारा माणूस. दोघांचे जमले आणि १९७४ च्या जानेवारीत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', म्हणजे भुयारे आणि अजगर, हा खेळ बाहेर आला. एका खोक्यात तीन लहान पुस्तिका, किंमत दहा डॉलर, पहिल्या छपाईच्या एक हजार प्रती. तेव्हा लक्षात घ्या, या अपत्याचे आईबापच दोन स्वभावांचे होते. एकाकडून युद्धखेळाची कोष्टके आली, दुसऱ्याकडून ब्राउनस्टाइनचा मोकळेपणा.

पहिल्या पुस्तिकांत खाचाखोचा फार होत्या, बरेचसे वाचणाऱ्यावर सोडलेले होते. त्यामुळे जो तो आपल्या आवडीप्रमाणे भर घालू लागला. अ‍ॅरिझोनातल्या केन सेंट आंद्रे याला ते नियम किचकट वाटले, म्हणून त्याने वर्षभरात, १९७५ साली, स्वतःचा सोपा खेळ छापला. त्यात साधे सहा बाजूंचे फासे पुरत. उलट काहींना तेच नियम फार ढोबळ वाटले. १९८० साली एका कंपनीने शस्त्रांची कोष्टके काढली, त्यात प्रत्येक हत्यारासाठी निराळे पान आणि त्या पानावर वीस प्रकारच्या चिलखतांचे वीस स्तंभ. आपल्याला हसू येईल. पण तलवार आणि गदा यांची जखम सारखीच कशी, हा प्रश्न ज्याला सतावतो त्याला हे पान म्हणजे मेजवानी. १९९१ साली एरिक वुजिक याने दुसरे टोक गाठले. त्याच्या 'अँबर' खेळात फासा नाहीच. सुरुवातीला गड्यांनी आपापसांत लिलाव बोलून कोण कशात श्रेष्ठ ते ठरवायचे, आणि पुढे सारे सूत्रधाराच्या निर्णयावर.

हे वाद लिहून ठेवले गेले, हेही नशीबच. १९७५ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या ली गोल्ड या बाईंनी एक मासिक सुरू केले. देशभरचे खेळाडू आपापली पाने छापून त्यांच्याकडे पाठवीत, त्या सगळी एकत्र टाचून सर्वांना धाडीत. पुढल्या महिन्यात त्यावर उत्तरे येत. त्यांत एक गोष्ट दिसू लागली. एकाच नावाचा खेळ बोस्टनमध्ये एका तऱ्हेने, कॅलिफोर्नियात दुसऱ्या तऱ्हेने चाले, आणि प्रत्येक जण म्हणे, आमचाच खरा. विटीदांडूचे नियम गावोगाव बदलतात आणि मामाच्या गावी गेलेला पोरगा पहिल्या दिवशी भांडण करून येतो, तशातलाच प्रकार.

भांडण नियमांचे दिसते, पण मुळात ते आवडींचे आहे, हे नीट मांडले ग्लेन ब्लॅको या लेखकाने. १९८० साली एका मासिकात त्याने खेळाडूंच्या चार तऱ्हा सांगितल्या. पहिला, आपले पात्र बलवान होत जावे, अंक वाढत जावेत, यात सुख मानणारा. दुसरा, भूमिकेत शिरणारा. तिसरा, युद्धखेळाडू, म्हणजे संकटातून डोके लढवून पार पडणारा. चौथा, गोष्ट रंगावी म्हणून खेळणारा. वेशीवरचे आपले गडी यांच्याच कुळातले आहेत. पहिल्या तऱ्हेचा गडी तेवढा मी वेशीवर आणला नाही, कारण तो पहारेकऱ्याशी बोलतच नाही. त्याला मारून किती अंक मिळतील तेवढे विचारतो!

विनोद सोडा. या पहिल्या गड्याची त्या मंडळींत फार हेटाळणी झाली आहे आणि ती मला अन्यायाची वाटते. दिवसभर कारखान्यात वा दुकानात राबून आलेल्या माणसाला संध्याकाळी चार तास आपण कुणीतरी थोर आहोत असे वाटावे, यात वाईट काय आहे? पोवाडा ऐकताना आपली छाती फुगते ती काय वेगळ्या कारणाने?

या चौघांतला फरक सर्वांत जास्त कशावरून कळतो, सांगू? पात्राच्या मरणावरून. गायगॅक्सने १९७५ च्या एका स्पर्धेसाठी एक थडगे रचले. ते १९७८ साली पुस्तकरूपाने निघाले. पावलोपावली सापळे, आणि एक चुकीचे पाऊल म्हणजे मरण, फासा टाकायचीही संधी नाही. कसलेल्या गड्यांची घमेंड उतरावी म्हणूनच ते रचले होते. डावपेचाच्या माणसाला हे थडगे म्हणजे पंढरी. मरण खरे असेल तरच शहाणपणाला किंमत, हे त्याचे तत्त्व. १९७७ साली निघालेल्या 'ट्रॅव्हलर' या अंतराळप्रवासाच्या खेळात तर खेळ सुरू होण्याआधी, पात्र तयार करतानाच ते मरू शकत असे. चार वर्षे नोकरी केली, फासा टाका. वाईट पडला, तर पात्र कामास आले, नवे पात्र करायला घ्या.

याच्या उलट, १९८४ पासून 'ड्रॅगनलान्स' नावाची कथामाला खेळासाठी निघू लागली. तिच्या बरोबरीने कादंबऱ्याही निघाल्या. आता कथेतला महत्त्वाचा माणूस दुसऱ्याच अंकात मेला तर पुढचे अंक कसे व्हायचे? म्हणून पुस्तकात तोड सांगितली होती, की अशा पात्राचे मरण जमेल तेथवर संदिग्ध ठेवा. कड्यावरून पडला, प्रेत काही सापडले नाही, असे करा, म्हणजे पुढे परत आणता येईल. गोष्टीच्या रसिकाला ही तोड पटते. डावपेचाचा गडी मात्र म्हणतो, मरायचेच नसेल तर मी जपून चालू कशाला? दोघेही एकाच टेबलाशी बसले असतील आणि सूत्रधाराने आधी काही सांगितलेले नसेल, तर एकाचे लाडके पात्र मेल्याच्या रात्री वर्षानुवर्षांची मैत्री सुद्धा नासते.

यावर कुणी म्हणेल, सूत्रधार चांगला असला म्हणजे झाले, नियमांचे काय घेऊन बसलात? हे मत पुष्कळ वर्षे मान्य होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस रॉन एडवर्ड्स या अमेरिकन लेखकाने त्यावर हल्ला केला. त्याचे म्हणणे, नियमांमुळे फरक पडतो. काहींना स्पर्धेचा आनंद हवा असतो, काहींना काल्पनिक जग खऱ्यासारखे चाललेले पाहायचे असते, काहींना माणसाच्या मनाचा पेच उलगडणारी कथा हवी असते. एकाच नियमपुस्तकाने तिघांना खूष करायला जावे तर तिघेही अर्धपोटी उठतात. सबब प्रत्येक हेतूसाठी निराळा खेळ रचावा. या मताने भांडणे पुष्कळ झाली. त्याच्या तीन पेट्या फार घट्ट आहेत, माणूस एका संध्याकाळी तिन्ही पेट्यांत उड्या मारतो, हा त्यावरचा आक्षेप मला रास्त वाटतो. पण मूळ मुद्दा खोटा ठरत नाही.

तो खरा आहे हे दोन उदाहरणांवरून दिसेल. १९७४ च्या मूळ खेळात पात्राची बढती व्हायची ती मुख्यतः भुयारातून आणलेल्या धनावर. एक सोन्याचे नाणे, एक गुण. राक्षस मारल्याचे गुण त्यामानाने थोडे. परिणाम काय झाला? शहाणे गडी राक्षसाला चुकवून, चोरपावलांनी धन घेऊन पळू लागले. पुस्तकात कोठेही असे लिहिलेले नव्हते की बाबांनो, लढू नका. दुसरे उदाहरण १९८१ चे. लव्हक्राफ्ट या लेखकाच्या भयकथांवरून सँडी पीटर्सन याने एक खेळ रचला. त्यात कागदावर मनाच्या ताळ्यावर असण्याचा एक अंक असतो. भयंकर काही पाहिले की तो उतरतो, आणि शून्यावर आला की पात्र वेडे होऊन हातचे जाते. गड्यांना भीती वाटू द्या असा उपदेश कुणी केला नाही. भीतीचा अंक मोजायला सुरुवात केली आणि शूर गडी सुद्धा अंधाऱ्या खोलीचे दार उघडायला कचरू लागले. नियमपुस्तक ज्याचा अंक मोजते, तिकडे गड्याचे लक्ष जाते. परीक्षेत ज्याला गुण त्याचाच अभ्यास, हे आपण शिक्षक लोक रोज पाहतोच की.

म्हणून नियम बदलले म्हणजे कुणाचा तरी आनंद काढून घेतला जातो. २००८ साली डंजन्स अँड ड्रॅगन्सची चौथी आवृत्ती निघाली. तिच्यात लढाई चौकटीच्या पटावर नेमकी मांडलेली होती आणि योद्ध्यापासून मांत्रिकापर्यंत सर्वांना तोलून मापून सारख्या शक्ती दिल्या होत्या. डावपेचाच्या मंडळींनी तिचे स्वागत केले. पूर्वीच्या आवृत्तीत मांत्रिक पुढे जाई आणि योद्धा मागे पडे, ती तक्रारही दूर झाली. परंतु दुसऱ्या पुष्कळांना वाटले, हा आपला खेळच नव्हे. पायझो नावाच्या प्रकाशनाने २००९ साली जुनेच नियम सुधारून 'पाथफाइंडर' या नावाने काढले आणि नाराज मंडळी त्यांच्यामागे गेली. तेव्हा मूळ कंपनीने २०१२ पासून नव्या नियमांचे कच्चे खर्डे लोकांना देऊन मते मागविली, आणि २०१४ साली पाचवी आवृत्ती काढली. तिच्यात चौकटींचा पट ऐच्छिक आहे, काही नियम घ्या अथवा सोडा असे आहेत. अशी तडजोड खपते चांगली. पण तडजोडीत टोकाच्या आवडीचा माणूस नेहमीच थोडा उपाशी राहतो, मग तो कोष्टकांचा भक्त असो की फाशाचा शत्रू.

एक गडी सांगायचा राहिला. रॉबिन लॉज या लेखकाने २००२ साली सूत्रधारांसाठी एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्याने गड्यांचे आणखी प्रकार सांगितले, आणि शेवटी एका माणसाची बाजू घेतली, ज्याच्याकडे इतरांचे लक्ष जात नाही. हा माणूस येतो तो मित्र येतात म्हणून. त्याला नियम पाठ नसतात, भाषण करायचे नसते, फासा टाक म्हटले तर टाकतो. त्याला ओढून ताणून पुढे आणू नका, असे लॉजचे म्हणणे. तो आहे म्हणून बाकीचे एकमेकांना सांभाळून घेतात. भजनी मंडळात नुसता टाळ धरून बसणारा एखादा असतो ना, तसा.

आता शाळेकडे येऊ. डेन्मार्कमध्ये होब्रो गावी २००६ सालापासून एक निवासी शाळा आहे, तिथे भूमिका-खेळांतूनच विषय शिकवितात. तेथे टेबलाभोवती बसत नाहीत, वेष करून वावरतात, पण प्रश्न तेच. आपल्याकडेही अध्यापनाच्या अभ्यासक्रमात भूमिकाभिनय हा शब्द येतो. वर्गात कधीतरी असा पाठ घेतलाही जातो आणि बहुधा होते काय, तर दोन धीट मुले सगळे बोलतात आणि अडतीस मुले पाहत राहतात. दोष मुलांचा नव्हे. "तुम्ही बोलून दाखवा" एवढा एकच नियम ठेवला म्हणजे बोलक्या गड्याचीच सोय होणार.

समजा, सातवीआठवीला १८७५ सालचा दख्खनचा शेतकरी उठाव शिकवायचा आहे. त्या वर्षी १२ मे रोजी सुपे येथे शेतकरी सावकारांवर चालून गेले, पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत तो वणवा पसरला, आणि जागोजागी कर्जाचे कागद हिसकावून जाळले गेले. वर्गातली मुले कुणबी, सावकार, पाटील, मामलेदार झाली आहेत. प्रत्येकाच्या कागदावर लिहा: जमीन किती, कर्ज किती, घरात धान्य किती दिवसांचे. हिशेबी मुलाला येथेच आपले काम सापडेल, व्याज मोजू द्या त्याला. लाजाळू मुलीला पाटीलकी द्या आणि तिचा शब्द फाशाने वजनदार ठरू द्या. बोलक्या मुलाचे भाषण चांगले झाले तर फाशात दोनाची भर घाला, म्हणजे त्याचेही बोलणे वाया जाणार नाही. कुणी नुसते बसून राहिले तर राहू द्या.

खेळाआधी मात्र पाच मिनिटे मुलांशी बोला. अलीकडे अमेरिकेतल्या पुष्कळ टेबलांवर पहिली बैठक नुसती अशा बोलण्यासाठीच ठेवतात. आपल्या पात्राचे वाईट झाले तर चालेल का, कुणाची थट्टा कोठवर करायची, सूत्रधाराचा निकाल शेवटचा की पुस्तकाचा, हे तेव्हाच ठरते. आणि आपल्या वर्गात आणखी एक प्रश्न निघेल, तो मुलांवरच सोपवा. सुप्याला कागद जाळले गेले हे तर पुस्तकात लिहिलेले आहे. पण खेळात सावकार झालेल्या मुलाने दार उघडून, हात जोडून, व्याज सोडतो असे म्हटले, तर कागद जळायचे की नाही?